सायन्सची पोरगी आर्ट्सला कशी?

प्रश्न

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

मी औसा तालुक्यातला. साडेचार एकर रान आहे, त्यात सोयाबीन आणि तूर घेतो. रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. थोरल्या मुलीनं यंदा बारावी सायन्स दिली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं लातुरात खोली करून राहिली. सगळे म्हणाले डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा दे, तिनं ऐकलं नाही. तिला मातीचं शिकायचंय. उन्हाळ्यात रानाला भेगा का पडतात, हे ती सातवीपासून विचारते. एका संस्थेतल्या ताईंनी फॉर्म भरायला मदत केली आणि अमेरिकेतून दोन पत्रं आली.

एक आयोवा राज्यातल्या लहान कॉलेजचं. तिथं सगळी मिळून सतराशे मुलं. वर्षाचा खर्च 84,000 डॉलर. त्यातले 76,000 कॉलेज देणार, 3,000 तिनं तिथंच काम करून मिळवायचे, 5,000 आम्ही भरायचे. दुसरं पत्र शेजारच्या राज्यातल्या राज्य विद्यापीठाचं. तिथं तीस हजारांवर मुलं. खर्च 51,000, शिष्यवृत्ती 14,000, उरलेले 37,000 आमचे. पण तिथं मातीशास्त्राचा वेगळा विभाग आहे, लहान कॉलेजात तो नाही.

तिचे मामा म्हणतात, कॉलेज ते कॉलेज आणि विद्यापीठ ते विद्यापीठ. शिवाय ते कॉलेज ‘लिबरल आर्ट्स’चं. सायन्सची पोरगी आर्ट्सला घालायची का? लातुरात माझा तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे, त्याचे पस्तीस लाख येतील. मामा म्हणतात तो विका, बाकीचं कर्ज काढू. चुलतभाऊ म्हणतो, मातीच शिकायची तर परभणीचं कृषी विद्यापीठ काय वाईट आहे? 1 मे च्या आत कळवायचंय. काय करू?

— एक वाचक, ता. औसा

(पत्राच्या खाली वेगळ्या शाईत एक ओळ आहे : ‘बाई, मला जायचंय. पण प्लॉट विकून नाही.’)

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर टाकलं. अंकाची वाट बघत बसलो असतो तर 1 मे उलटून गेला असता. तेच इथं सविस्तर लिहिते आहे, कारण असं पत्र गेल्या वर्षी उदगीरहून आलं होतं, त्याआधी माजलगावहून. मामा तर घरोघरी असतातच.

मामांचा गैरसमज होणं साहजिक आहे. आपल्याकडं कॉलेज विद्यापीठाला संलग्न असतं. पेपर विद्यापीठ काढतं, पदवीवर शिक्का विद्यापीठाचा. लातूर जिल्ह्यातली कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाखाली, बीड-जालन्याची संभाजीनगरच्या. म्हणून कॉलेज धाकटं आणि विद्यापीठ थोरलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतलं लहान कॉलेज कुणाच्या खाली नसतं. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची, पदवी त्याची. तिथं शिक्षण बहुधा पदवीपाशी थांबतं, पीएच.डी.ची मुलं नसतात. त्यामुळं प्राध्यापकाला शिकवायला पदवीच्या मुलांखेरीज दुसरं कुणी नसतं, आणि प्रयोगशाळेत हाताशी धरायलाही.

आता ‘आर्ट्स’. हे आपलं आर्ट्स नव्हे. त्यात गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, सगळं येतं. तुमची मुलगी रसायनाबरोबर इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा एखादा विषय घेईल आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवेल. पुष्कळशा अशा कॉलेजांत रसायनशास्त्र घेऊनही पदवी बी.ए.च मिळते. मामांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चार वर्षांनी पुन्हा भांडण. आणि ती पदवी इकडं सरकारी नोकरीला चालवायची झाली तर समकक्षतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

आयोवातलंच ग्रिनेल कॉलेज घ्या, 1846 चं. तिथं ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे मास्तर होते. ट्रान्झिस्टरचा शोध नुकताच लागला होता, तेव्हा या मास्तरांनी ओळखीतून त्याची माहिती मिळवली आणि थेट वर्गात मुलांना शिकवली. त्या मुलांत रॉबर्ट नॉइस होता. 1949 ला तो पदवीधर झाला आणि 1968 ला त्यानं गॉर्डन मूर यांच्यासोबत इंटेल ही संगणकाच्या चिपची कंपनी काढली. याच नॉइसनं कॉलेजात असताना पार्टीसाठी एका शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं होतं. शेतीवर जगणाऱ्या राज्यात जनावर चोरणं हा भारी गुन्हा, पोरगं तुरुंगात जायचं. गेल मास्तर आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले आणि एक सत्र बाहेर राहण्यावर भागलं. इंटेलपेक्षा मला ही डुकराची गोष्टच जास्त महत्त्वाची वाटते. तीस हजारांच्या गर्दीत त्या पोरासाठी मध्ये कोण पडलं असतं?

माझं मत लहान कॉलेजकडं झुकतंय हे तुम्ही ओळखलंच असेल. ते का झुकतं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला त्यातलं किती घ्यायचं ते ठरवता येईल.

मी अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं, 1972 साली, दुष्काळाच्या वर्षात. शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राला आम्ही अकरा जण होतो. टायट्रेशन करताना माझा हात थरथरायचा. सर मागं उभे राहून म्हणायचे, ‘ब्युरेटकडं काय बघतेस, फ्लास्ककडं बघ.’ जर्नल चुकलं की संध्याकाळी घरी बोलावणं यायचं. काकू चहा द्यायच्या आणि सर लाल रेघा ओढत बसायचे. पुढं एम.एस्सी.ला औरंगाबादला विद्यापीठात गेले आणि पहिल्यांदा स्पेक्ट्रोफोटोमीटर पाहिला. डोळेच दिपले. तसलं यंत्र लहान गावात येणार कुठून? पण त्याच्यासमोर बसल्यावर काय मोजायचं आणि कशाला मोजायचं हे विचारायची भीड अंबाजोगाईलाच मोडली होती.

पुढं माझा मुलगा अमेरिकेत एका राज्य विद्यापीठात पीएच.डी. करत होता, तेव्हा एक हिवाळा मी त्याच्याकडं काढला. पहिल्या वर्षाच्या रसायनाच्या वर्गात साडेतीनशे मुलं. व्याख्यान प्रोफेसरांचं, पण प्रयोग आणि उत्तरपत्रिका माझ्या मुलाकडं. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठा असायचा. एकदा म्हणाला, ‘आई, हा मुलगा तिसऱ्यांदा तीच चूक करतोय. पण हा नेमका कोण, ते मला आठवत नाही.’ एवढ्या पसाऱ्यात असंच चालणार. आता यातली पैशाची बाजू बघा. त्या साडेतीनशेतली बाहेरदेशची मुलं वर्षाला लाखो रुपये भरून तिथं बसली होती. माझ्या मुलाला मात्र, पीएच.डी.चा असल्यामुळं, फी माफ होती आणि वर दरमहा भत्ता. एकच विद्यापीठ, एकच इमारत.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. राज्य विद्यापीठात तिनं जरूर जावं, पण चार वर्षांनी जावं. आज पैसे भरून नको, तेव्हा भत्ता घेऊन. तो मिळेलच अशी हमी कुणी देणार नाही. मात्र त्यासाठी जी शिफारसपत्रं लागतात, ती ‘ही मुलगी माझ्या वर्गात होती, तिला चांगले गुण होते’ अशी असून चालत नाहीत. दोन उन्हाळे जिच्याबरोबर काम केलं त्या मुलीबद्दल प्राध्यापकानं लिहिलेलं पत्र वेगळंच असतं.

मातीशास्त्राचा विभाग नाही, ही तुमची शंका मात्र मामांच्या शंकांपेक्षा कितीतरी वजनदार आहे. त्याच मुक्कामात, थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटी, मुलानं मला गाडीतून आयोवात फिरवून आणलं होतं. मका निघालेला, रानं उघडी पडलेली, काळीभोर. मला क्षणभर औसा-निलंगा रस्ताच वाटला. पण ती माती काळी आहे ती हजारो वर्षं कुजत आलेल्या गवताच्या मुळांमुळं. आपली बेसाल्ट खडक झिजून झालेली. रंग काळा असला तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब फारसा नसतो, आणि तिच्यातली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुमच्या लेकीच्या भेगा त्या इथून येतात. आता हे सगळं समजायला काय लागतं? रसायन, भूगर्भशास्त्र, थोडं जीवशास्त्र, थोडं गणित. ते पक्कं असेल तर मातीशास्त्र एम.एस.ला घेता येतं. तेव्हा कॉलेजला विचारा, भूगर्भशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकवता का, आणि मातीवर काम करणारं तुमच्याकडं कुणी आहे का. दोन्हीला नाही म्हणाले, तर माझं उत्तर थोडं डळमळेल.

अमेरिकेतला शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे. भुईमूग, रताळी, टस्कीगी हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण त्याचा रस्ता कसा गेला ते जरा बघा. गुलामीत जन्मलेला हा मुलगा 1890 ला आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात गेला. लहानसं कॉलेज. तिथं तो चित्रकला आणि पियानो शिकत होता, पोटासाठी लोकांचे कपडे धूत होता. चित्रकलेच्या बाईंनी, एटा बड त्यांचं नाव, बघितलं की हा झाडंपानं फार बारकाईनं काढतो आणि झाडांची त्याला समजही आहे. बाईंचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक. बाईंनी त्याच्यामागं लागून त्याला 1891 ला तिकडं धाडलं. तेच आजचं आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी. तिथं तो पहिला काळा विद्यार्थी, 1894 ला पदवी, 1896 ला एम.एस. म्हणजे वनस्पतिशास्त्र त्याला राज्याच्या मोठ्या संस्थेनंच शिकवलं. पण तू चित्रकार नव्हेस, वनस्पतिशास्त्रज्ञ आहेस, हे कळलं कुणाला? लहान कॉलेजातल्या चित्रकलेच्या बाईंना.

राज्य विद्यापीठांना मी कमी लेखत नाही. 1862 ला लिंकननं एका कायद्यावर सही केली आणि प्रत्येक राज्याला, तिथल्या संसदेतल्या त्याच्या दर सदस्यामागं 30,000 एकर या हिशेबानं, सरकारी जमीन मिळाली. ती विकून शेतकरी-कामगारांच्या पोरांसाठी शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची, हा हेतू. आपल्याकडं 1960 ला पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ झालं ते याच साच्यावर, आणि परभणीचं 1972 चं, तेही त्याच घराण्यातलं. या विद्यापीठांकडं स्वतःची शेतं असतात, मातीचे नमुने तपासायची यंत्रं असतात, विषय बदलायचा झाला तर पन्नास दारं उघडी असतात. आयोवातल्या एखाद्या शेतकऱ्यानं हाच प्रश्न मला विचारला असता, तर मी डोळे झाकून त्याला तिथलं राज्य विद्यापीठ सांगितलं असतं. पण ते कमी फी घेतं ती आपल्या राज्यातल्या मुलांकडून. बाहेरच्यांना फी कितीतरी जास्त, आणि तुम्ही तर बाहेरदेशचे.

हिशेब मांडू. डॉलर 90 रुपये धरला तर 37,000 चे 33 लाख 30 हजार होतात. प्लॉट विकला की एक वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी काय विकणार? चारही वर्षांचे 1 कोटी 33 लाख, तेही फी वाढली नाही तर. आणि ती वाढते. लहान कॉलेजचे 5,000 म्हणजे वर्षाला साडेचार लाख, चार वर्षांत अठरा लाख, वर विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे आणि किरकोळ. रिवाइंडिंगच्या दुकानाला हेही हलकं नाही, म्हणून थोडं कर्ज लागेल. शेतजमिनीवर बँका शिक्षणाचं कर्ज सहसा देत नाहीत. प्लॉट चालतो, पण एन.ए., म्हणजे बिगरशेती, असेल तर. गुंठेवारीतला असेल तर साहेब कागद उलटेपालटे करून परत देतील. म्हणजे प्लॉट विकायचा नाही, तारण ठेवायचा. कन्येचंही तेच म्हणणं दिसतंय.

आता सावधगिरीचं. लहान म्हणजे चांगलं असं समजू नका. तिकडची बरीच लहान कॉलेजं पैशाअभावी बंद पडतायत. आयोवा वेस्लियन 1842 पासूनचं, 2023 च्या मे महिन्यात त्याला कुलूप लागलं. बाहेरदेशच्या मुलीला वर्षाला 76,000 डॉलर देणाऱ्या कॉलेजकडं बहुधा मोठी कायम ठेव असते, पण ती किती आहे ते बघाच. बहुतेक कॉलेजं हा आकडा जाहीर करतात.

आणि हो म्हणण्याआधी त्यांच्या मदत कार्यालयाला मेल करून काही गोष्टी लेखी घ्या. 76,000 मधली सगळी रक्कम अनुदान आहे की त्यात कर्ज दडलंय? फी वाढली तर मदत वाढते का? गुण घसरले तर ती कापतात का? आरोग्य विमा यात धरलाय का? डिसेंबर-जानेवारीत वसतिगृह बंद करतात तेव्हा परदेशी मुलांनी कुठं राहायचं? हा शेवटचा प्रश्न आपले लोक कधीच विचारत नाहीत आणि मग पोरं नाताळात कुणाच्या तरी सोफ्यावर झोपतात. अजून एक. शिष्यवृत्तीतला जो भाग फीच्या पलीकडं, राहण्या-जेवण्यासाठी असतो, त्यावर अमेरिकन सरकार कर घेतं. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांना 14 टक्के कापण्याचा नियम आहे. त्याची तजवीज कशी करायची, तेही विचारा. कामाचं म्हणाल तर सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, तेही कॉलेजच्या आवारातच. 3,000 त्यात बसतात. कुणी सांगितलं की बाहेर गुपचूप काम करून जास्त मिळवता येतं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

राज्य विद्यापीठालाही एक मेल करायला हरकत नाही : शिष्यवृत्ती वाढवता का, आणि ऑनर्स कॉलेजात घेता का. मोठ्या विद्यापीठातली ती लहान वर्गांची सोय असते. त्यांनी पाच-दहा हजार वाढवले तरी तुमचा हिशेब बसत नाही, पण विचारलं नाही ही रुखरुख नको.

तुमच्या चुलतभावाला माझा नमस्कार सांगा. त्यांच्या प्रश्नात मला काहीच वावगं दिसत नाही. परभणीचा अर्ज भरून ठेवा. व्हिसा नाकारला गेला, तर पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये. परभणीला बी.एस्सी. ॲग्री करून मग एम.एस.ला अमेरिकेला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची माती आपलीच, हे त्यांचं बळ होतं. खर्चाचं तर बोलायलाच नको. मग मी थेट तेच का सांगत नाही? तिनं स्वतः फॉर्म भरलेत, पत्र आणलंय, आणि हात लिहिता ठेवणारं शिक्षण तिला आता मिळतंय. इथं बारावीपर्यंत आपण मुलांना पर्याय काळे करायलाच लावतो.

आणि आता वेगळ्या शाईतल्या ओळीला उत्तर.

अगं, तू जा. पण पहिले सहा महिने सोपे जातील असं समजू नकोस. आठ-दहा मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर लपता येत नाही, दर आठवड्याला काहीतरी लिहून द्यावं लागतं, तेही इंग्रजीत. लिहिलेलं तपासून द्यायला तिथं एक केंद्र असतं, पहिल्याच आठवड्यात त्याचं दार ठोठाव, नापास होण्याची वाट बघू नकोस. प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन प्रश्न विचारणं तिथं उद्धटपणा समजत नाहीत, उलट नाही गेलीस तर त्यांना वाटतं तुला रस नाही. थंडी उणे वीसपर्यंत जाते. चांगला कोट इथून नेऊ नकोस, तिकडंच घे, जुना मिळतो. उन्हाळ्यातल्या संशोधनाच्या बऱ्याच सरकारी जागा फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतात, म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या पैशातून उन्हाळ्यात काम मिळतं का, ते आत्ताच विचारून घे. मेल तू लिही. पाठवण्याआधी पप्पांना मराठीत वाचून दाखव.

रानातली मूठभर माती पिशवीत घालून न्यायचा मोह होईल. नेऊ नकोस, परवान्याशिवाय माती तिकडं आत येऊ देत नाहीत. त्यापेक्षा या मे महिन्यात पट्टी आणि सुतळी घेऊन रानात जा. बांधाजवळच्या पाच भेगा निवड, प्रत्येकीची रुंदी मोज, सुतळीला खडा बांधून खोली मोज, तारीख घालून वहीत लिही. मृगाचा पहिला पाऊस पडला की पुन्हा त्याच पाच मोज. ती वही सामानात ठेव, वजन होत नाही तिचं.